झिजलेलं ठेवा, सडलेलं काढा

मोहर्लीत आणि आसपास आता होमस्टे, रिसॉर्ट, शहरातल्या मंडळींनी बांधलेली दुसरी घरं, असं सगळंच दिसतं. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला आणि मोहर्ली त्याचं गजबजलेलं दार बनलं. पाहुणे येतात म्हणून घरं सजतात. पण बऱ्याच ठिकाणी सजावट एकाच साच्यातली असते. चकचकीत टाइल्स, सनमायकाचं कपाट, प्लास्टिकच्या वेली आणि भिंतभर वाघाचा फ्लेक्स. मागच्या सांदवाडीत मात्र कवेलूंच्या ढिगाशेजारी आजोबांचा सागवानी पलंग पावसात भिजत पडलेला असतो. तो पलंग आत कसा आणायचा आणि त्याच्याभोवती खोली कशी उभी करायची, हे सांगण्यासाठी हा लेख.

जगात या सजावटीला ‘शॅबी शिक’ म्हणतात. मुळात ती इंग्लंडच्या ग्रामीण भागातल्या जुन्या, मोठ्या घरांची तऱ्हा. पिढ्यान्‌पिढ्या वापरलेलं फर्निचर, उन्हाने विटलेले पडदे, कडांवरचा रंग उडालेली कपाटं. मुद्दाम कोणी काही केलेलं नव्हतं, वापरता वापरता तसं झालं होतं. १९८०च्या दशकात तिचं हे नाव रूढ झालं. १९८९ साली रेचल ॲशवेल या इंग्रज बाईंनी अमेरिकेत सांता मोनिका इथे याच नावाचं दुकान काढलं आणि तिथून ही शैली सगळीकडे गेली. पांढरे-फिकट रंग, सुती कापडाच्या सैल खोळी, फुलांची छपाई आणि लाकडावर थराथरांनी दिसणारा जुना रंग ही तिची ओळख. पुढे मागणी इतकी वाढली की कारखान्यातलं कोरं फर्निचर मुद्दाम ओरखडून विकायला लागले.

आपल्याला ते सोंग आणायची गरज नाही. पूर्व विदर्भातल्या घरांत खरी जुनी वस्तू अजून मिळते. अडचण वेगळीच आहे. इथला उन्हाळा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो, पावसाळा दणकून पडतो आणि वाळवी बाराही महिने कामावर असते. युरोपातल्या फोटोत छान दिसणारं कपाट इथे दोन पावसाळ्यांत भुसा होईल. म्हणून एकच नियम धरा. माणसाच्या वापराने आलेली झीज ठेवायची. पाणी, कीड आणि दुर्लक्षाने आलेली नासाडी काढून टाकायची. उंबरठा पायांनी मधोमध खोलगट झाला असेल तर ती झीज. त्याच उंबरठ्याचं टोक ओलीने मऊ पडलं असेल तर ती नासाडी. पुढचं सगळं या एका फरकावर चालतं.

आधी छप्पर, भिंत आणि वायरिंग

गळक्या खोलीत कोणतीही शैली टिकत नाही. कवेलूचं छप्पर असेल तर पावसाळ्याआधी फेरून घ्याच. मोहर्लीत वानरं छपरावरून उड्या मारतात, कवेलू सरकतात आणि फुटतात. पाहुण्यांच्या खोलीपुरतं तरी कवेलूंखाली पत्रा किंवा जलरोधक थर घाला. वरून कवेलूच दिसतील, आत पाणी येणार नाही.

भिंत मातीची किंवा चुन्यात बांधलेली असेल तर तिच्यावर ऑइल पेंट किंवा प्लास्टिक पेंट लावू नका. जमिनीतली ओल अशा भिंतीतून वर चढते आणि हवेत उडून जाते. वर रंगाचा बंद थर बसला की ती आत अडकते, रंगाला फुगे येतात आणि पोपडे सुटतात. त्या पोपड्यांना कोणी जुनेपणाची शोभा म्हणू नये. ती भिंतीची तक्रार आहे. ओल कुठून येते ते शोधा. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरतं का? बाहेरची जमीन आतल्या जमिनीपेक्षा उंच झाली आहे का? बहुतेक वेळा एक नाली काढली की अर्धं काम होतं.

जुने दिवे, बटणं आणि पितळी होल्डर दिसायला झकास असतात, पण आतली वायर नवी आणि अर्थिंग पक्कं हवं. कापडी आवरण निघालेली जुनी वायर शोभेसाठीसुद्धा प्रवाहात ठेवू नका.

वस्तू उचलण्याआधी ठोकून बघा

लाकूड विकत घेताना किंवा माळ्यावरून काढताना बोटाच्या पेराने ठोका. भरीव लाकूड टणक वाजतं, पोकळ झालेलं भद्द वाजतं. मग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पायाशी, सांध्यात आणि मागच्या बाजूला दाबा. सहज आत गेलं तर तेवढा भाग गेला. बारीक छिद्रं दिसली तर वस्तूखाली रात्रभर काळा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर ताजं फिकट पीठ पडलेलं असेल तर भुंगा अजून आत आहे. पीठ नसेल तर बहुधा ती जुनी छिद्रं आहेत, राहू द्या.

सागाचा गडद गाभा वाळवीला दाद देत नाही, बाहेरचं पांढरं लाकूड मात्र ती आवडीने खाते. म्हणून जुन्या पलंगाचे पाय खालून खराब आणि वरून ठणठणीत असं नेहमी दिसतं. अशा वेळी पलंग टाकू नका. वाढईकडून खराब तेवढा तुकडा कापून नव्या सागाचा जोड द्या. जोड लपवायचा आटापिटा नको, नीट बसवलेला जोड दिसला तरी चालतो. आपल्या भागातल्या सागाचा लौकिक आजचा नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारपूरच्या डेपोतून सागवान गेलं. तशाच जातीचं लाकूड घरच्या फडताळात असताना पार्टिकल बोर्ड आणण्यात शहाणपण नाही.

दाराशी जंगल आहे, हे विसरू नका

हा भाग सजावटीच्या पुस्तकांत सापडत नाही, पण मोहर्लीत सगळ्यात महत्त्वाचा आहे.

चितळ-सांबराचं शिंग, मग ते आपोआप गळून पडलेलं का असेना, उचलायचं नाही आणि भिंतीवर लावायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२चा आहे. कातडं, शिंग, दात, नखं, साळिंदराचे काटे यांना दिवाणखान्यात जागा नाही. ‘आजोबांच्या काळचं आहे’ हे उत्तर कागद असल्याशिवाय चालत नाही. राष्ट्रीय उद्यानातून आणि अभयारण्यातून वाळकी फांदी किंवा नदीतला गोटासुद्धा शोभेसाठी आणू नका.

जुन्या घराच्या तुळया, बल्ल्या, फाटे विकत घेत असाल तर विकणाऱ्याकडून लेखी पावती घ्या आणि गाडी भरण्याआधी वन परिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याबद्दल विचारून घ्या. बांबूचंही तसंच. २०१७च्या दुरुस्तीनंतर वनक्षेत्राबाहेर, म्हणजे शेतात-परसात वाढलेला बांबू कायद्याने झाड राहिला नाही, पण जंगलातला बांबू आजही वनउपजच आहे.

तिसरी गोष्ट देवाधर्माची. भद्रावती, मार्कंडा या बाजूला जुनी शिल्पं विखुरलेली आहेत. शंभर वर्षांवरची मूर्ती ही पुरातन वस्तू ठरते, ती कुंडीशेजारी ठेवायची नसते. गोंड-माडिया लोकांचे पूर्वजांच्या नावाने उभारलेले लाकडी खांब किंवा दगड कोणी विकायला आणले तरी घेऊ नका. तो कोणाच्या तरी घरचा माणूस आहे.

चुन्याची भिंत

शॅबी शिकमध्ये जो मऊ, किंचित ढगाळ पांढरा रंग हवा असतो, तो महागड्या डब्यात शोधायला नको. चुन्यात तो आहे. झाडीपट्टीतल्या गावांत निळीने रंगवलेल्या भिंती आणि कोनाडे अजून दिसतात, तो निळा याच शैलीचा आहे.

चुन्याच्या कळ्या घ्या. मोठ्या लोखंडी भांड्यात भरपूर पाणी घेऊन त्यात कळ्या थोड्या थोड्या टाका. उलट करू नका. कळ्यांवर थोडं पाणी ओतलं तर चुना उसळून अंगावर येतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच, मुलांना लांब ठेवा. दोन-तीन दिवस भिजू द्या, मग जुन्या लुगड्याच्या कापडातून गाळा आणि ताकाइतका पातळ करा. रात्रभर भिजवलेला बाभळीचा डिंक घातला तर हाताला पांढरं लागत नाही. नीळ घालायची तर आधी वाटीभर पाण्यात कालवून घाला, एकदम टाकली तर भिंतीवर रेघा उमटतात.

भिंत आधी पाण्याने ओली करा. जाड एक हात देण्यापेक्षा पातळ तीन हात द्या. ओला असताना चुना पारदर्शक दिसतो, वाळल्यावर पांढरा होतो, त्यामुळे पहिल्या हाताला घाबरून जाड थर देऊ नका. जुना ऑइल पेंट असलेल्या भिंतीवर चुना धरत नाही, तिथे रंग खरवडावाच लागेल. खाली गुडघाभर उंचीपर्यंत गेरूचा किंवा पिवळ्या मातीचा पट्टा द्या. झाडताना-पुसताना उडणारे डाग तिथे खपून जातात, म्हणून तर आपल्याकडे तो पट्टा देतात.

एका कवाडाची गोष्ट

समजा, पाडकामातून दोन फळ्यांचं सागवानी कवाड मिळालं. वर तपकिरी रंग, पोपडा उडाला तिथे खाली हिरवा आणि त्याच्याही खाली निळा. हे तीन थर हेच त्या कवाडाचं मोल आहे. पॉलिशवाल्याच्या हाती दिलं तर तो सगळं घासून कोरं करून देईल. तसं करू देऊ नका.

आधी कडी, कोयंडा, खिळे काढून ठेवा. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून कवाड धुवा आणि आठवडाभर सावलीत, फळ्या आडव्या ठेवून वाळवा. उन्हात ठेवलं तर फळी वाकते. मग सुटलेला रंग पत्रीने काढा. इथे एक धोका आहे. घरगुती रंगांमधल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या ऑइल पेंटात शिसं असू शकतं. म्हणून जुना रंग कोरडा घासू नका, मशीन लावू नका, भट्टीने जाळू नका. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरने, तोंडावर चांगला मास्क लावून घासा. खाली प्लास्टिक पसरा आणि गोळा झालेला गाळ अंगणात टाकू नका. घरात गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर हे काम घरापासून दूर करा.

घासायचं कुठे? जिथे हात लागतो तिथे. कडीच्या भोवती, फळीच्या उघडायच्या कडेला, पाय लागतो त्या खालच्या पट्टीला. कवाडाच्या मधोमध कोणी हात फिरवत नसतो, तिथला रंग तसाच राहू द्या. बाजारातल्या खोट्या जुन्या फर्निचरची चोरी नेमकी इथे पकडली जाते, कारण त्याच्यावर ओरखडे सगळीकडे सारखे असतात.

शेवटी जवसाचं तेल. उकळवलेलं, म्हणजे रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून मिळतं ते. कापडाने पातळ लावा, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घ्या, दोन दिवसांनी पुन्हा. खायचं तेल लावू नका, ते वाळत नाही आणि सफारीच्या गाड्यांची सगळी धूळ धरून बसतं. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा बाहेर सुटी पसरून वाळवा.

आता हेच कवाड कशाला वापराल? दाराला दारच करा, जमलं तर. नाहीतर पलंगाची उशाकडची पाटी करा. जेवणाच्या टेबलासाठी घ्यायचं असेल तर वर काच टाका, शिशाचा संशय असलेला रंग ताटाखाली नको.

नव्या वस्तूला जुन्याच्या ओळीत बसवताना

सगळंच जुनं मिळत नाही. साध्या लाकडी स्टुलाला किंवा कपाटाला खडूसारखा मऊ रंग घरी करता येतो. एक वाटी फिकट इमल्शन, वाटीचा तिसरा भाग प्लास्टर ऑफ पॅरिस आणि तेवढंच पाणी. प्लास्टर आधी पाण्यात नीट कालवा, मग रंगात मिसळा. लागेल तेवढंच करा, कारण ते घट्ट होत जातं. रंग द्यायच्या आधी कडांवर मेणबत्ती घासून ठेवली तर तिथे रंग धरत नाही आणि वाळल्यावर फडक्याने निघून येतो. हा उपाय एका खोलीत एकाच वस्तूवर करा. चार वस्तूंवर केला की नाटकाचा सेट वाटतो.

बांबू आणि माती

बुरूड कारागिराने विणलेला तट्टा, सूप, टोपली यांना नवेपणीच शैलीत जागा आहे. मूल गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या चिचपल्लीला बांबू संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र आहे. चांगली वीण ओळखायला शिकायचं तर तिथलं काम बघून या. बांबूत पिष्ट असतं, त्याला भुंगा लागतो. घरच्या चिपांसाठी दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम बोरॅक्स आणि २०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून त्यात पाच-सात दिवस बुडवून ठेवा, मग सावलीत वाळवा. हे औषध पाण्याने धुऊन जातं, त्यामुळे असा बांबू छपराखालीच वापरा. धान्याच्या किंवा भाकरीच्या टोपलीला ते लावायचं नाही.

मातीकामासाठी भद्रावती जवळ आहे. तिथल्या ग्रामोदय संघाने चिनी मातीचं आणि कुंभारकामाचं नाव केलं. कप, बश्या, वाडगे एकाच सेटचे नकोत. रंग जुळतील असे, पण आकाराने थोडे वेगळे ठेवा. म्हणजे एक फुटला तर पूर्ण सेट वाया जात नाही.

पितळ-तांब्याची भांडी शोभेला ठेवताना आरशासारखी घासू नका, काळपट झाक राहू द्या. पण कळकलेल्या भांड्यात खायला-प्यायला देऊ नका, त्यासाठी कल्हई हवीच.

कापड: सैल, सुती आणि धुता येईल असं

या शैलीत फुलाफुलांचं छापील कापड दिसतं. ते परकं मानायचं कारण नाही. युरोपला अशा छापील सुती कापडाचं वेड सतराव्या शतकात आपल्याच कोरोमंडल किनाऱ्यावरून गेलेल्या मालाने लागलं. तरी एका खोलीत एकच फूल पुरे. बाकी साधं ठेवा.

सोफ्याला, खुर्चीला खोळ शिवताना खादी किंवा हातमागाचं कापड घ्या. वरोऱ्याच्या आनंदवनात हातमागाचं काम होतं, जाता-येता बघता येतं. कापड शिवण्याआधी दोनदा धुवा. खादी पहिल्या पाण्यात आटते आणि मग खोळ सोफ्यावर चढत नाही. रंग पांढराशुभ्र नको, कोऱ्या मांजरपाटाचा घ्या. मोहर्लीची धूळ त्यावर आठवडाभर तरी निभते. प्रत्येक खोळीचे दोन जोड करा, एक अंगावर आणि एक धुवायला. आरमोरीकडचा कोसा सुंदर असतो, पण तो खिडकीत लावू नका, उन्हाने रेशीम विरतं. उशीच्या एखाद्या अभ्र्यापुरता वापरा.

गोधड्या मात्र मनसोक्त वापरा. आईच्या-आजीच्या लुगड्यांच्या गोधडीला बाजारात तोड नाही. पाहुण्याच्या पलंगावर घालण्याआधी रंग सुटतो का ते ओलं पांढरं फडकं घासून बघा. आणि पलंगावर पांढरी मच्छरदाणी टांगा. आपल्या भागात ती गरजेची आहेच, शिवाय शॅबी शिकच्या पुस्तकातला झिरझिरीत पडदाही तोच.

मांडताना जमीन मोकळी ठेवा

जुन्या वस्तू आवडायला लागल्या की घर कोठी होतं. इथे तो नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. कोपऱ्यात रचलेले माठ, पेट्या, लाकडं ही विंचवाची आणि सापाची आवडती जागा. म्हणून वस्तू भिंतीवर किंवा उंच ठेवा, जमीन झाडता येईल अशी मोकळी ठेवा आणि फर्निचर भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. त्या फटीतून वाळवीची मातीची रेघ चढताना लगेच दिसते. पलंगाच्या, कपाटाच्या पायांखाली दगडी चकत्या द्या. उखळ, पाटा-वरवंटा ओसरीवर ठेवा, पण उखळात पाणी साचू देऊ नका, डास होतात.

कूलरची हवा थेट जुन्या लाकडावर येऊ देऊ नका. उन्हाळाभर ओली हवा आणि नंतर कोरडी थंडी यांनी फळ्या फुगतात आणि तडकतात. बाहेर दिवे कमी आणि पिवळसर ठेवा. जंगलाला लागून असलेल्या घराला फ्लडलाइट शोभत नाही आणि किडेही त्यावरच गोळा होतात.

कोणत्या महिन्यात काय

जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद असतं, पाहुणे कमी असतात. तेव्हा रंगकाम काढायचा मोह होतो, पण तेव्हा तेल वाळत नाही, चुनाही धरत नाही. हे महिने तपासणीचे. कुठे गळतं, कुठे ओल येते, कुठे वाळवी चढते ते खडूने खुणा करून ठेवा आणि खोळी-गोधड्या शिवून घ्या. पाऊस ओसरून भिंती वाळल्या की ऑक्टोबरात चुना. नोव्हेंबर ते फेब्रुवारी लाकडाचं काम. मार्चनंतर पेट्या, गाद्या, गोधड्यांना कडक ऊन दाखवा.

पैसे लावण्याचा क्रमही असाच ठेवा. पहिला रुपया छपराला, दुसरा वायरिंगला, तिसरा वाढईला, त्यानंतर चुना आणि सगळ्यात शेवटी कापड. सुरुवात एकाच खोलीने करा आणि त्या खोलीचा एक पावसाळा जाऊ द्या. सप्टेंबरात तिथे काय टिकलं आणि काय नासलं ते बघूनच दुसऱ्या खोलीला हात घाला. घाई फक्त सांदवाडीतल्या त्या पलंगाची करा. त्याला आजच छपराखाली घ्या.